आमच्या ज्योतिषाच्या क्लासातले आईबाप

एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये मी तीस वर्षं काढली. एवढ्या वर्षांत सांगण्यासारखे किस्से मोजून दोन, आणि त्यातला एक वासाचा आहे म्हणून जेवताना सांगता येत नाही! ज्योतिषाच्या क्लासाला जायला लागून जेमतेम तीन वर्षं झाली, तर आता रविवारी मी घरात पाऊल टाकलं की आमचे हे हात जोडतात. म्हणतात, "आधी जेवून घेऊ, मग काय ते सांग." कारण एक सांगायला घेतला की त्याच्यामागे दुसरा येतो आणि आमटी गार होते.

क्लास म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. महाडात गद्रे सरांची पडवी, एक फळा, पाच-सहा माणसं आणि दोन वेळा चहा. सर भूगोलाचे शिक्षक. रिटायर झाले तेव्हा म्हणाले, "खालचं सगळं शिकवून झालं, आता वरचं बघू."

सर लग्न, नोकरी, परदेशगमन सगळं शिकवतात. पण आमची गाडी अडते ती एकाच ठिकाणी. पत्रिकेत सूर्य म्हणजे वडील, चंद्र म्हणजे आई, पाचवं घर म्हणजे मुलं. ह्यांच्यापैकी कुणाच्या शेजारी किंवा समोर शनी येऊन बसला की पडवीतली सगळी पेनं थांबतात. मग जो तो आपापल्या घरचं आठवायला लागतो, आणि क्लास एकऐवजी दोनला सुटतो.

* * *

सकपाळ काका आले तो दिवस मला चांगला आठवतो. उमरठच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे, तिथले. वय सत्तरीचं. पहिल्या एसटीने पोलादपूर, तिथून दुसऱ्या एसटीने महाड, असं करून बरोब्बर दहाला दारात हजर.

सरांनी रीतीप्रमाणे विचारलं, "ज्योतिष कशासाठी शिकायचंय?"

"मुलाशी बोलनं नाय," काका म्हणाले. "चौथं वर्स चाललंय."

मुलगा किशोर. एकुलता एक, मुंबईत नोकरीला. आई लवकर गेली, काकांनीच वाढवलेला. त्याने स्वतःच मुलगी पसंत केली. काकांनी दोघांच्या पत्रिका कुणा ज्योतिषाकडे नेल्या. तो म्हणाला, मुलाच्या पत्रिकेत सूर्यासमोर शनी आहे, बापलेकाचं मुळातच पटायचं नाही, त्यात ही मुलगी घरात आली तर पुरतंच तुटेल. काकांनी लग्नाला नाही म्हटलं. पोराने लग्न केलं. आणि निघताना उंबऱ्यावरून म्हणाला, "तुम्ही तुमच्या ग्रहांशीच बोला आता."

"म्हनून आलो," काका म्हणाले. "त्यांच्याशी बोलायचं तर त्यांची भाषा यायला नको काय?"

आम्ही हसलो, पण काका हसले नाहीत. म्हणाले, "नात झालीय म्हनतात. चालायला लागली. गावची मानसं मुंबईला जातात, बघून येतात. मी नाय बघितली. सर, मला येवढंच कळायला पायजे, ह्ये ग्रहांनी केलं का मी केलं?"

सरांनी त्यांना कोरी वही दिली.

* * *

आमच्यात एक स्वाती सिस्टर आहे. वीस वर्षं नर्सिंग करते. सगळ्यात कमी बोलते आणि बोलली की सत्यानाश करते.

एका रविवारी सर एका मुलाची पत्रिका शिकवत होते. चौथ्या घरात, म्हणजे आईच्या घरात, अगदी कडेला मंगळ. सरांनी रंगवून सांगितलं, आईशी सतत वाद, आई दुखावेल, वगैरे. त्या आईला बिचारीला हे आदल्या आठवड्यात सांगूनही झालं होतं.

स्वातीने जन्माचं ठिकाण वाचलं आणि हळूच म्हणाली, "सर, ह्या मॅटर्निटीत मी पहिली चार वर्षं होते. आता बंद पडलं ते. तिथलं घड्याळ दहा मिनिटं पुढे असायचं."

"का?"

"म्हणजे स्टाफ वेळेवर येतो."

"आणि जन्मवेळ कशावर लिहायचात?"

"त्याच घड्याळावर! तीही नंतर. आधी बाळ बघायचं, मग बाळंतीण, मग घड्याळ."

सरांच्या हातातला खडू खाली पडला. मोबाईलवर दहा मिनिटं मागे घेऊन पत्रिका परत काढली, तर मंगळ चौथ्यातून पाचव्या घरात! म्हणजे हा मुलगा आता आईशी भांडणार नव्हता, मोठा होऊन स्वतःच्या पोरांशी भांडणार होता. त्या आईला फोन करून हे कळवायचं कुणी, यावर अर्धा तास गेला. शेवटी सरांनीच केला. पलीकडून ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंत सर. पण कालच भांडण झालं हो आमचं!"

* * *

आता वडिलांचं घर. सर म्हणतात, पत्रिकेत वडील दहाव्या घरात बघायचे. कांबळे मास्तरांनी पुस्तकं काढून दाखवलं की दक्षिणेकडे नवव्यात बघतात.

कांबळे मास्तर नाते गावाहून मोटारसायकलने येतात, प्राथमिक शाळेत शिकवतात. घरात बुद्धवंदना. ज्योतिषावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "मग येता कशाला?" म्हटलं तर म्हणतात, "गणितासाठी. आणि तुम्ही लोक गणित झाल्यावर काय करता ते बघण्यासाठी." ग्रहांचे अंश मात्र आमच्यात सगळ्यात अचूक त्यांचेच. सरांचे चुकले तर मास्तर नुसतं खाकरतात, सर गुपचूप पुसतात.

तर त्या दिवशी नऊ की दहा यावरून दोघांची तासभर जुंपली. हे ग्रंथ, ते ग्रंथ, ही परंपरा, ती परंपरा. काका वही मांडीवर घेऊन इकडून तिकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजे बापाचं घर कुठलं, त्येच अजून ठरलं नाय?"

दोघांनी पुस्तकं मिटली.

"मग पोरगा यायचा तरी कुठं?"

* * *

मास्तरांच्या मिसेस एकदा सोबत आल्या होत्या. बाजारात काम होतं, तेवढ्यात इथे टेकल्या. सरांना वाटलं, पाहुण्या आल्यात तर त्यांच्या मुलीची पत्रिका घेऊ. मास्तरांनी गणित तोंडपाठ सांगितलं. सरांनी चंद्र बघितला, त्याच्याजवळचा राहू बघितला, आणि जपून शब्द टाकला, "मातेला थोडे कष्ट दिसतात."

वहिनींनी पिशवी खाली ठेवली.

"सर, नऊ महिने पोटात, दोन वर्सं कडेवर, आता दहावीचा डबा सकाळी सहाला. ह्याला कष्ट नाय तर काय पिकनिक म्हनायची? आनि ह्ये बघायला तुमाला राहू लागतो?"

मास्तरांनी उठून ती पिशवी उचलली आणि मोटारसायकलला अडकवली.

* * *

जुळ्यांचा किस्सा मला अजून सुटलेला नाही, म्हणून तो मी दिसेल त्याला सांगते.

एमआयडीसीत कामाला असणाऱ्या दोन भावांची आई आली होती. जुळे, चार मिनिटांचं अंतर. पत्रिका कागदावर कागद ठेवावा तशी तीच. पहिल्या घरापासून बाराव्यापर्यंत एक रेघ इकडची तिकडे नाही. सरांनी सांगितलं, "चंद्रावर शनीची दृष्टी. मुलाला आईची माया पोचत नाही, तो मनाने लांब राहतो."

आई म्हणाली, "धाकट्याचं तसंच हाय. शेजारच्या खोलीत ऱ्हातो, महिना महिना बोलत नाय." सर खूश. आम्ही खूश.

"पन मोठा कंपनीच्या बसमधी बसला की फोन, उतरला की फोन. 'आये, जेवलीस काय?' रोज इचारतो."

सरांनी पत्रिका फिरवली, चष्मा पुसला, चार मिनिटांनी काय काय बदलतं ते मास्तरांना विचारलं. मास्तर म्हणाले, "ह्यात काहीच नाही."

मी लॅबवाली बाई. एकाच बॅचची दोन सँपलं, दोन रिझल्ट! आमच्याकडे असं झालं असतं तर अख्खी बॅच होल्डवर गेली असती. मी तिला खोदून खोदून विचारलं, आधी दूध कुणाला दिलं, आजारी कोण पडलं, शाळेत मार कुणाला बसला. तिने सगळं सांगितलं. काही हाती लागलं नाही.

जाताना तिने सरांनाच विचारलं, "सर, मग ह्या पत्रिकेचा मुलगा नक्की कुठला?"

* * *

आता मी दुसऱ्यांचं एवढं सांगते, तर माझंही सांगायला हवं. माझी मुलगी पुण्यात आयटीत आहे. तिच्या पत्रिकेत चंद्र आणि शनी एकाच घरात, अंशाअंशाने जवळ. सर म्हणाले, "रजनीताई, राग मानू नका. ह्या योगात मुलाला आई कोरडी वाटते."

राग मानू नका म्हणे! मी तिच्यासाठी जनरल शिफ्ट मागून घेतली, प्रमोशन सोडलं, तापात रात्र रात्र पायाशी बसले, आणि मी कोरडी? एवढी पेटले की चहा न पिता पडवीच्या पायरीवर गेले आणि तिथूनच फोन लावला.

"काय गं, मी तुला कोरडी वाटते का?"

"आई, मी मीटिंगमध्ये आहे." मग जरा थांबून, "हो."

आणि फोन ठेवला.

मी परत येऊन बसले. काकांनी त्यांच्या बशीतलं बिस्किट माझ्या पुढ्यात सरकवलं. खोटं कशाला बोलू, त्या बिस्किटाने मला रडू आलं. तेव्हापासून मी तिला फोनवर "पगार झाला का, पाणी येतं का" हे प्रश्न शेवटी विचारते. पहिल्यांदा नुसतं "काय करतेयस?" म्हणते. परवा ती म्हणाली, "आई, तुझी तब्येत बरी आहे ना?"

* * *

सरांची एक पद्धत आहे. महिन्यातून एकदा फळ्यावर नाव न लिहिता पत्रिका मांडतात. कुणाची ते सांगायचं नाही. प्रत्येकाने आपलं भाकीत चिठ्ठीवर लिहून द्यायचं.

एकदा भलतीच पत्रिका मांडली. सूर्य आणि शनी एकमेकांना चिकटून, तेही दहाव्या घरात, वर राहू! काकांनी ती बघितली आणि त्यांचा चेहराच उतरला. त्यांच्या किशोरच्या पत्रिकेत सूर्य-शनी समोरासमोर तरी आहेत. हे तर त्याहून वाईट.

चिठ्ठ्या वाचल्या. स्वाती: "वडिलांशी टोकाचा विरोध." मी: "घर सोडून जाणार." मास्तर: "तुमच्या नियमाप्रमाणे वडील फार वर्षं टिकायला नकोत." काकांनी लिहिलं होतं, "पोरगा गेला."

सर सगळं ऐकून म्हणाले, "पत्रिका माझी आहे."

तेवढ्यात आतून सरांचे वडील ओरडले. वय ब्याण्णव. "अरे ए गाढवा! माझा चष्मा कुठे ठेवलास?"

"तुमच्या नाकावर आहे!" सर इथूनच ओरडले. मग आमच्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "विरोध आहे ना. रोज असतो. सकाळी सातला सुरू होतो."

सगळे हसलो. काका मात्र त्या फळ्याकडे बघत राहिले. जाताना पायरीवर चपला घालता घालता मला म्हणाले, "ताई, म्हंजे योग हाय, आनि पोरगा पन घरात हाय. ह्ये दोनी एका वक्ताला व्हतं."

* * *

त्यानंतर काका बदलले. आधी त्यांनी शनीचे सगळे उपाय केले होते. शनिवारी तेल, काळे उडीद, कावळ्याला घास, पिंपळाला फेऱ्या. कुणीतरी अकरा शनिवार सांगितले होते, काकांनी वर्षभर केलं. एका रविवारी ह्याची यादी चालली होती तेव्हा सरांनी विचारलं, "काका, आणि फोन?"

"कुनाला?"

"किशोरला."

काका खूप विचार करून म्हणाले, "त्यो उपाय कुनी सांगितलाच नाय."

पुढच्या रविवारी आले तेव्हा आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघतोय. काकांच्या वाडीत रेंज नाही. वरच्या टेपावर, म्हणजे टेकाडावर, चढून जावं लागतं. तिथे जाऊन त्यांनी फोन लावला होता.

"मग?"

"सुनेनं उचलला."

"मग काय बोललात?"

"राँग नंबर म्हनलं आनि ठेवला."

स्वातीने कपाळावर हात मारला. "काका, तुमचा नंबर त्यांच्याकडे नावाने सेव्ह असेल हो!"

"आसंल," काका म्हणाले. "माजी हिंमत तिथवरच व्हती गो."

मला वाटलं, संपलं आता. हे गृहस्थ परत काही फोन करायचे नाहीत, आणि तिकडून येण्याचा प्रश्नच नाही. एवढं गणित शिकून माणूस "राँग नंबर" म्हणतो याचा मला इतका संताप आला की मी त्या दिवशी त्यांच्याशी धड बोललेसुद्धा नाही.

* * *

गेल्या महिन्यातली गोष्ट. सरांनी किशोरची पत्रिका परत मांडायला घेतली होती. आता अबोल्याला सहा वर्षं होत आली, शनीने रास बदलली, काही फरक दिसतो का बघू म्हणाले. फळ्यावर मोठ्या अक्षरात जन्मवेळ लिहिली, पहाटे पाच वाजून बेचाळीस मिनिटं. लिहिली नसती तरी चाललं असतं, ती आम्हा सगळ्यांना पाठ. हे मूल घरीच झालेलं. काका दाराबाहेर घड्याळ हातात धरून उभे होते आणि पहिलं रडणं ऐकताच त्यांनी काटा बघितला होता.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. चष्मा हातात होता म्हणून त्यांनी फोन स्वातीपुढे धरला.

"काका," ती म्हणाली, "किशोर."

काकांना ऐकू कमी येतं, फोनचा आवाज फुल्ल. त्यामुळे पलीकडचं आम्हाला सगळं ऐकू आलं.

"बाबा, मी बोलतोय. माझी जन्मवेळ पाहिजे होती. सासूबाई मागतायत, कसलीतरी पूजा आहे. सांगा लगेच, मी लिहून घेतो."

एवढंच. कसे आहात नाही, काही नाही. जन्मवेळ ही एकच गोष्ट अशी आहे, जी माणसाला आईबापालाच विचारावी लागते. आणि आई तर नव्हती.

काकांनी मान वर केली. समोर फळा. पाच बेचाळीस. तळहाताएवढाले आकडे! काका त्या आकड्यांकडे बघत बघत म्हणाले, "आता नाय रे सांगता यायची. वहीत लिवलेली हाय. वही शोधाय लागंल. उद्या फोन कर. सांजच्याला सात वाजता कर, मी टेपावर आसतो."

फोन ठेवला. मास्तरांनी खाकरायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. सरांनी फळ्याकडे पाठ केली आणि म्हणाले, "चला, आज चंद्र घेऊ."

पुढच्या रविवारी मी विचारलं, "काका, मिळाली का वही?"

"नाय अजून. रोज सातला फोन येतो पोराचा. ट्रंक बघून झाली, माळा बघून झाला."

त्याच्या पुढच्या रविवारी म्हणाले, "गोठ्यातली फळी ऱ्हायलीय. तो म्हनला, सावकाश बघा, पडाल."

परवाच्या रविवारी काका आले ते नवा शर्ट घालून. मी म्हटलं, "आज काय विशेष? सापडली वाटतं!"

"कुठली सापडतेय," काका म्हणाले. "काल फोन नातीनं घेतला. चार वर्सांची झाली. मला म्हनते, 'आजोबा, मी येऊ शोधायला?'"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हनलं, ये गो. पन आईबापाला संगती आन. येकटीला नाय सापडायची."